डॉक्टर देवमाणूस आहेत, पण चिठ्ठी चुकली

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावातून एका सुनेचे पत्र आले आहे. नाव-गाव गाळून त्याचा गोषवारा असा: सासरे ६७ वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्ही. तालुक्याच्या गावातले एक डॉक्टर वीस वर्षांपासून त्यांचे घर पाहतात. गुडघेदुखीसाठी त्यांनी सात-आठ महिने दुखीच्या गोळ्या चालू ठेवल्या, मधूनमधून सुईही दिली. तीन महिन्यांपूर्वी शुगरची नेहमीची गोळी मेडिकलमध्ये मिळेना म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्या नावाची लिहून दिली. पुढे जुनीही मिळू लागली आणि घरी दोन्ही चालू राहिल्या. मे महिन्यात सासरे न जेवता वखरणीला वावरात गेले आणि दुपारी घामाने ओलेचिंब, बरळत बांधावर पडले. सेवाग्रामच्या रुग्णालयात नेले तेव्हा शुगर ३८ आणि क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) २.१ निघाले. दोन्ही गोळ्यांत औषध एकच होते आणि दुखीच्या गोळ्यांनी किडनीवर ताण आला, असे तिथे सांगण्यात आले. फॅमिली डॉक्टरांना विचारले तर उत्तर मिळाले, "डॉक्टर मी आहे का तुम्ही?" सासरे म्हणतात, "डाक्टर देवमानूस हाये, त्याइच्याबद्दल वाकडं बोलाचं नाही." नवरा म्हणतो, गप्प बस. तीन वर्षांच्या मुलीच्या तापाच्या औषधातही मागे घोळ झाला होता. प्रश्न असा, की तक्रार करावी, डॉक्टर बदलावा, का सासऱ्यांच्या शब्दाखातर सगळे गिळून टाकावे?

ताई,

तुमचा राग रास्त आहे. ३८ शुगर घेऊन बांधावर पडलेला माणूस तासभर कोणाच्या नजरेस पडला नसता तर पत्र वेगळेच आले असते. "वय झालं, होते असं" म्हणून सोडून देण्यासारखे हे नाही. पण तक्रार की बदल, हे ठरवण्याआधी एक काम आजच करा.

सेवाग्रामच्या सुटीच्या कागदावर ज्या गोळ्या लिहिल्या आहेत तेवढ्याच घरात समोर ठेवा. बाकीची सगळी जुनी पाकिटे, अर्धे कापलेले पत्ते, पुडीतल्या सुट्या गोळ्या एका पिशवीत भरा, वर "बंद" असे मोठ्या अक्षरांत लिहा आणि कपाटात वर ठेवा. फेकू नका. पुढे कोणत्याही डॉक्टरला किंवा तक्रारीच्या वेळी नेमके काय चालू होते हे दाखवायला तीच पिशवी लागेल. भीतीपोटी सगळ्याच गोळ्या बंद करणे हेही धोक्याचे असते. बीपीच्या काही गोळ्या आणि स्टिरॉइड एकदम सोडल्याने माणूस दगावू शकतो. म्हणून नव्या कागदाबाहेरचे घ्यायचे नाही आणि नव्या कागदातले स्वतःहून सोडायचे नाही.

शेजाऱ्याने साखरपाणी पाजल्यावर मामाजी, म्हणजे तुमचे सासरे, उठून बसले आणि तासाभराने पुन्हा ग्लानीत गेले, असे तुम्ही लिहिले आहे. यात शेजाऱ्याचे काही चुकले नाही. शुगरच्या गोळीतले ग्लिमेपिराइड हे औषध शरीरात बराच काळ राहते, किडनी कमजोर असेल तर आणखी जास्त. त्यामुळे साखर दिल्यावर शुगर वर येते आणि पुन्हा घसरते, कधी कधी पुढचे २४ तास किंवा त्याहून जास्त. ही गोळी घेणारा माणूस असा पडला आणि साखरेने सावरला, तरी त्याला दवाखान्यात न्यावेच लागते. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, शुगर ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढेच, मग भाकर किंवा पोळी. शुद्ध हरपली असेल, नीट गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, साखर फुफ्फुसात जाते. थेट १०८. घाम, थरथर, धडधड, विनाकारण चिडणे, भलतेच बोलणे या खुणा घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. उन्हाळ्यात "ऊन लागलं" समजून शुगर तपासायचे राहून जाते.

आता झालेल्या चुकांकडे पाहू. पत्रात तुम्ही सगळ्याची एकच मोट बांधली आहे आणि ती डॉक्टरांच्या डोक्यावर ठेवली आहे. मला त्या दोन वेगळ्या चुका दिसतात आणि त्यांचे वजन सारखे नाही.

पहिली चूक, एकच औषध दोन नावांनी. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत दोन्ही पाकिटांच्या मागे ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम असे छापले आहे. सकाळ-संध्याकाळ दोन्ही घेतल्यावर ग्लिमेपिराइड दिवसाला ४ ऐवजी ८ मिलिग्रॅम झाले. ८ ही ठणठणीत किडनीच्या माणसासाठीसुद्धा दिवसाची शेवटची मर्यादा आहे. म्हाताऱ्या माणसाला तर १ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. इथे डॉक्टरांनी नव्या चिठ्ठीवर "आधीची बंद" हे दोन शब्द लिहायला हवे होते, ते लिहिले नाहीत. जुनी गोळी पुन्हा आली तेव्हा मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता ती दिली. घरी पाकिटाचा रंग वेगळा म्हणून औषधही वेगळे समजले गेले. तीन ठिकाणी ही चूक पकडता आली असती, तिन्ही ठिकाणी निसटली. हे तुम्हाला दोष देण्यासाठी सांगत नाही. गोळीच्या मागचे बारीक इंग्रजी वाचणे हे घरच्या माणसाचे काम आहे, हे तुम्हाला आजवर कोणी सांगितलेच नव्हते.

दुसरी चूक मात्र सरळ डॉक्टरांची आहे. मामाजींच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम आहे. पहिले औषध किडनीच्या गाळणीतला दाब कमी करते, दुसरे लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढते. दोन्ही चांगली औषधे आहेत. त्यांच्यावर रोज दोनदा डायक्लोफेनॅक ५० ही दुखीची गोळी आली की किडनीकडे जाणारा रक्तपुरवठाही आवळला जातो. त्यात मे महिन्याचे ऊन, वावरातला घाम आणि कमी पाणी. शिवाय डायक्लोफेनॅकने बीपीही वाढते, म्हणजे एका हाताने बीपीची गोळी द्यायची आणि दुसऱ्या हाताने तिचे काम बिघडवायचे. ही तीन औषधे एकत्र नकोत हे डॉक्टरकीच्या प्राथमिक पाठांत येते. गुडघ्यासाठी आठवडाभर दिली असती तर समजून घेता आले असते. सात-आठ महिने चालू ठेवली आणि एकदाही क्रिएटिनिन तपासले नाही, याला निष्काळजीपणा म्हणावेच लागेल. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर महिन्याच्या आत आणि पुढे वर्षातून निदान एकदा क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहायचे असते.

सुईत काय होते, हे कोणत्याच चिठ्ठीवर नाही. ते समजून घ्या. गुडघ्याच्या सुईत अनेकदा डायक्लोफेनॅक असते, काही वेळा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. स्टिरॉइडने दुखणे झटकन थांबते आणि शुगर काही दिवस चढते. मग वाढलेली शुगर पाहून कोणीतरी शुगरची गोळी वाढवतो, सुईचा असर उतरला की तीच वाढीव गोळी शुगर पाडते. तुमच्याकडे असेच झाले असे मी म्हणत नाही, पण सुईचे नाव लिहून घेतल्याशिवाय हे कोणालाच कळणार नाही.

मामाजींचा "देवमाणूस" हा शब्द मी हलक्यात घेत नाही. पत्रातच आहे, की सासूबाईंना विंचू चावला तेव्हा हे डॉक्टर रात्री दोन वाजता फटफटीवर आले होते आणि कपाशीचे पैसे हातात येईपर्यंत त्यांनी कधी फी मागितली नाही. हे सगळे खरे असेल. पण माणूस चांगला आहे यावरून त्याची चिठ्ठी बरोबर आहे हे ठरत नाही, आणि चिठ्ठी चुकली म्हणून माणूस वाईटही ठरत नाही. मामाजी पहिली गोष्ट धरून बसले आहेत, तुम्ही दुसरी. म्हणून घरात भांडण होते. चांगुलपणाबद्दल डॉक्टरांचे आभार मानायचे आणि गोळीची तपासणी कागदावर करायची, दोन्ही एकाच घरात होऊ शकते. मामाजींना "डॉक्टर सोडा" म्हणू नका. "हा कागद खिशात ठेवा, डॉक्टरसाहेबांना दाखवा" एवढेच म्हणा. त्याला ते नाही म्हणणार नाहीत.

आणखी एक गोष्ट थोडी टोचेल. मामाजी स्वतःच दर पंधरा दिवसांनी "सुई मारा, चालताच येत नाही" म्हणून जात होते, असे तुम्ही लिहिले आहे. आपल्याकडे सुई आणि सलाईन दिली नाही तर "या डाक्टरच्या हाताले गुण नाही" असे म्हणत लोक दुसरीकडे जातात. डॉक्टरांनी त्या दडपणापुढे झुकायला नको होते, ती जबाबदारी त्यांचीच. पण गुडघ्याचे दुखणे राहणारच आहे आणि त्याला पर्याय दिला नाही तर मामाजी उद्या गुपचूप मेडिकलमधून तीच गोळी आणतील. सेवाग्रामच्या डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, गरजेप्रमाणे दिवसातून दोन-तीन वेळा, हे किडनीच्या दृष्टीने बरेच सुरक्षित असते. रोज दारू घेण्याची सवय असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगायचे. सोबत खुर्चीवर बसून एक पाय सरळ उचलून पाच सेकंद धरायचा, प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. काठी ज्या गुडघ्यात जास्त दुखते त्याच्या उलट हातात धरायची, बहुतेक लोक ती चुकीच्या हातात धरतात. सहा-आठ आठवडे नेमाने केले तर फरक दिसतो. आठवडी बाजारात मिळणारी सांधेदुखीची बिननावाची पुडी अजिबात नको, "जडीबुटी" म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड सापडलेले आहे.

मग डॉक्टर बदलावा का? यामागे तुमची एक समजूत आहे, की नागपूरला मोठ्या दवाखान्यात गेलो की हा प्रश्न सुटेल. तिथे शुगरवाले वेगळे, हाडवाले वेगळे, किडनीवाले वेगळे. तिघांच्या तीन चिठ्ठ्या, तिघेही आपापल्या जागी बरोबर, आणि तिन्ही कागद एकत्र ठेवून पाहणारे कोणी नाही. एकच औषध दोन नावांनी जाण्याची शक्यता तिथे वाढतेच. रात्री दोन वाजता नागपूर येत नाही, हेही तुम्हाला माहीत आहे. माझे मत असे, की शुगर-बीपी-किडनी यांचा कारभार आता सेवाग्रामकडेच ठेवा, आधी ते सांगतील तेव्हा आणि मग दर तीन महिन्यांनी तिथे जा. ताप, जुलाब, जखम, विंचू यासाठी जवळचा डॉक्टर लागतोच. तो हाच असावा की दुसरा, हे एका भेटीत कळेल. त्या भेटीसाठी आधी कागद तयार करा.

शाळेच्या वहीचे एक कोरे पान घ्या. सगळ्यात वर लाल पेनाने: "किडनी कमजोर, क्रिएटिनिन २.१, तारीख अमुक. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नायमेसुलाइड, पायरोक्सिकॅम देऊ नये, गोळीही नाही, सुईही नाही." त्याखाली एखाद्या औषधाची अॅलर्जी असेल तर ती. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट या पट्ट्यातल्या वाचकांनी घरात सिकलसेल असेल तर तेही याच जागी लिहावे, कारण सुई देण्याआधी डॉक्टरला ते माहीत असणे फार गरजेचे आहे. मग एकेका औषधाची ओळ: औषधाचे मूळ नाव, किती मिलिग्रॅम, कशासाठी, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, कोणी सुरू केले, कधी.

मूळ नाव कुठे सापडते? पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेले नाव असते, ते सोडून द्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरात "आय. पी." अशी अक्षरे ज्याच्या पुढे असतात ते औषधाचे खरे नाव, आणि त्यापुढे मिलिग्रॅम. नावाच्या शेपटीकडेही लक्ष द्या. बीपीच्या गोळीमागे "एच" असेल तर बहुतेक वेळा हायड्रोक्लोरोथायझाइड जोडलेले असते, "एएम" असेल तर अॅम्लोडिपिन. शुगरच्या गोळीत "एम १" आणि "एम २" मध्ये पाकीट सारखेच दिसते, पण ग्लिमेपिराइड दुप्पट असते. मेडिकलवाला पाच-पाच गोळ्या कापून देतो तेव्हा नाव किंवा मुदत असलेला तुकडा त्याच्याकडेच राहतो. पूर्ण पत्ता घेणे परवडत नसेल तर बिल मागा, बिलावर औषधाचे नाव, बॅच नंबर आणि मुदत असते. बिल मागितले म्हणून कोणी नाराज होत असेल तर होऊ द्या. डॉक्टर स्वतःच पुडीत सुट्या गोळ्या देत असतील तर पुडीवर नाव लिहून मागा. गावातल्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे हा कागद घेऊन जा, इंग्रजी नावे ते नीट लिहून देतील आणि बीपी-शुगरही मोजतील.

हे पान भरताना एकच मूळ नाव दोन ओळींत आले की तिथेच थांबा. आणखी दोन गोष्टी या पानावर पटकन दिसतात. एक, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी रोज घेतली जाणे. संधिवातासाठीचे मेथोट्रेक्सेट हे असे औषध आहे, ते चुकून रोज घेतल्याने माणसे मेली आहेत. ज्यांच्या घरात ते चालू आहे त्यांनी वार ठरवून कागदावर वाराचे नाव लिहावे. दुसरी, औषधाच्या त्रासाला नवा आजार समजून त्यावर आणखी औषध. अॅम्लोडिपिनने पाय सुजतात, मग सुजेसाठी लघवीची गोळी येते. रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, मग महिनोन्महिने खोकल्याच्या बाटल्या. कोणती गोळी कधी सुरू झाली आणि कोणता त्रास कधी सुरू झाला, या दोन तारखा शेजारी ठेवल्या की बऱ्याचदा उत्तर दिसते.

आता भेट. आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. दवाखाना उघडताना किंवा मिटताना जा, मामाजी आणि तुमचे मिस्टर सोबत हवेत. एकट्या सुनेला उडवून लावणे सोपे असते, हे तुम्ही अनुभवले आहेच. बोलण्याची सुरुवात मिस्टरांनी करावी, कागद तुम्ही पुढे ठेवावा. "तुमच्यामुळे झाले" ने सुरुवात केली की कोणताही माणूस बचावाला उभा राहतो. असे म्हणा: "डॉक्टरसाहेब, बाबा शुगर ३८ होऊन पडले. सेवाग्रामला सांगितले की दोन गोळ्यांत एकच औषध होते आणि किडनीचे क्रिएटिनिन २.१ आहे. हा त्यांचा कागद, ही आमची यादी. यापुढे काही नवीन दिले तर या पानावर लिहून द्याल का आणि जुने बंद केले तर तेही?" एवढेच, आणि मग थांबा.

त्यांनी काय करावे अशी अपेक्षा ठेवायची? माफी मागितली तर उत्तमच, पण मी माफीवर अडून बसणार नाही. त्यांनी कागद हातात घेऊन वाचला का, सेवाग्रामचा आकडा स्वतःच्या वहीत किंवा केसपेपरवर उतरवला का, पुढच्या सुईचे नाव लिहायला तयार झाले का, हे पाहा. या तिन्हींचे उत्तर हो असेल तर तुमच्या जागी मी या डॉक्टरांना सोडणार नाही, चूक कळलेला जवळचा डॉक्टर फार उपयोगाचा असतो. कागद न वाचताच बाजूला सारला, "मोठ्या दवाखान्यात सगळे घाबरवतात" म्हटले, किंवा त्याच दिवशी पुन्हा गुडघ्याची सुई काढली, तर उठून या. वीस वर्षांचा ऋणानुबंध असला तरी. मग जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, आणि क्रिएटिनिनसारख्या रक्ततपासण्याही तिथे होतात.

मागितलेले लिहून मिळणे हा उपकार नाही. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांनुसार चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत लिहिणे अपेक्षित आहे. रुग्णाने किंवा त्याच्या माणसाने उपचाराची कागदपत्रे मागितली तर ७२ तासांत द्यावी लागतात. मात्र तीन वर्षे नोंदी जपून ठेवण्याचे बंधन भरती रुग्णांपुरते आहे. बाहेरून दाखवून जाणाऱ्याची नोंद दवाखान्यात सापडेलच असे नाही. म्हणून तुमच्याकडचा प्रत्येक कागद तारखेसह जपायचा, आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा.

तक्रारीबद्दल. दवाखान्याच्या पाटीवर कोणती पदवी आहे ते आधी पाहा, पत्रात ती नाही. एमबीबीएस असतील तर तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, बीएएमएस असतील तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, बीएचएमएस असतील तर होमिओपॅथी परिषदेकडे. पदवीच नसेल, नोंदणी क्रमांकच सापडत नसेल, तर प्रकरण वेगळे, ते तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे न्यायचे. परिषद डॉक्टरला ताकीद देऊ शकते, काही काळ नोंदणी थांबवू शकते, पण पैसे मिळवून देत नाही. उपचाराचा खर्च भरून हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येतो, आणि डॉक्टरला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. डॉक्टरांनी तुमच्याकडून कधी कधी पैसे घेतले नाहीत म्हणून हक्क जात नाही. बाकीच्यांकडून ते फी घेतात, त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाप्रमाणे तुम्हीही ग्राहकच ठरता. पोलिसात जाण्याचा सल्ला मी देणार नाही. २००५ पासून सर्वोच्च न्यायालयाची कसोटी अशी आहे की फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा फार ढोबळ असावा लागतो आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचे स्वतंत्र मत लागते.

तुमच्या प्रकरणात दोन गोळ्यांच्या मुद्द्यावर ते सहज म्हणतील, "मी बदलून दिली होती, त्यांनी दोन्ही घेतल्या." डायक्लोफेनॅकच्या चिठ्ठ्या तारखांसह असतील आणि मधल्या काळात एकही रक्ततपासणी लिहिलेली नसेल, तर तो मुद्दा भक्कम आहे. माझा कल असा: कागद आजच गोळा करा, भेट आधी घ्या, तक्रारीचा निर्णय भेटीनंतर. दोन वर्षे हातात आहेत, दोन आठवडे थांबल्याने काही जात नाही. मधल्या काळात औषधाच्या त्रासाची नोंद १८००-१८०-३०२४ या औषधसुरक्षेच्या मोफत क्रमांकावर करता येते. त्यात डॉक्टरवर आरोप करावा लागत नाही.

मुलीच्या औषधाबद्दल दोन ओळीच आहेत, पण ती चूक लहान नाही. चिठ्ठीवर नुसते "पॅरा ५ एमएल" होते आणि बाटली ५ एमएलमध्ये २५० मिलिग्रॅमची मिळाली. पॅरासिटामॉल लेकराच्या वजनावर देतात, एका किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तास आणि दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. मुलगी १२ किलोची, म्हणजे एका वेळी १२० ते १८०. ज्या बाटलीत ५ एमएलमध्ये १२५ मिलिग्रॅम असते तिचे ५ एमएल बरोबर बसते. २५० च्या बाटलीचे ५ एमएल म्हणजे दुप्पट. आणि बाळांच्या ड्रॉप्समध्ये १ एमएललाच १०० मिलिग्रॅम असते, तेच ५ एमएल दिले तर ५००. एखादा डोस जास्त गेला तर बहुतेक लेकरे निभावतात, दिवसातून चार-पाच वेळा तीन-चार दिवस गेला तर यकृताला इजा होऊ शकते. चिठ्ठीवर एमएलसोबत मिलिग्रॅम लिहून घ्या, वजन दवाखान्यातच करा, आणि घरातल्या चमच्याऐवजी बाटलीसोबतचे खुणांचे झाकण वापरा.

सेवाग्रामच्या पुढच्या भेटीत तीन प्रश्न न विसरता विचारा. पहिला किडनीचा: वय ६७ आणि क्रिएटिनिन २.१ म्हणजे किडनीचे काम साधारण एक-तृतीयांशावर आले आहे. हे कायमचे आहे की सावरेल ते पुढच्या तपासण्यांतून, निदान तीन महिन्यांनी कळेल, म्हणून पुढच्या क्रिएटिनिनची तारीख लिहून घ्या. दुसरा प्रश्न मेटफॉर्मिनचा: या आकड्यावर ते दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये आणि किडनी आणखी घसरली तर बंद करावे लागते. तिसरा पावसाळ्याआधी विचारायचा आहे. जुलाब-उलट्या लागल्या, ताप आला, खाणे-पिणे सुटले, तर त्या दिवसांत बीपीची आणि शुगरची कोणती गोळी थांबवायची आणि किती दिवसांनी पुन्हा सुरू करायची? उत्तर त्यांच्याच हाताने यादीच्या खाली लिहून घ्या, आणि त्या पानाची एक प्रत तालुक्याच्या डॉक्टरांकडे द्या.